वर्गातील खेळ आणि वाणीचे शिक्षण : फैजपूर परिसराच्या इतिहासातून

(१)

भाषेच्या अध्यापनाचा विचार करताना श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन अशी चार कौशल्ये सांगण्याचा प्रघात आहे. ह्यांपैकी वाचन व लेखन ह्यांचा इतिहास क्रमिक पुस्तके, उत्तरपत्रिका आणि शिक्षणखात्याचे अहवाल ह्यांच्या आधारे लिहिता येतो. भाषणाच्या इतिहासाला असा आधार अल्प. वर्गात कोण बोलले, किती वेळ बोलले आणि कोण शेवटपर्यंत गप्प राहिले, ह्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. विद्यार्थी ‘हजर’ असतो. त्याची वाणी हजर होती किंवा नाही, हे पटावरून कळत नाही.

मराठीतील ‘भाषण’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ केवळ बोलणे हा. दुसरा, सभेत उभे राहून केलेले व्याख्यान. महाराष्ट्रातील शिक्षणाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या वाटचालीत दुसऱ्या अर्थाने पहिल्यास बाजूला सारले, असे दिसून येते. शाळेने मोजक्या विद्यार्थ्यांना भाषण करावयास शिकविले आणि उरलेल्यांना ते ऐकावयास बसविले. ह्या दोहोंच्या मधली जागा, म्हणजे प्रत्येकाने आपल्या पाळीला चार शब्द बोलण्याची जागा, खेळात होती. ती वर्गात का आली नाही, कोठे आली आणि आली तेव्हा काय घडले, ह्याचा शोध फैजपूर व त्याच्या आसपासच्या पूर्व खानदेशाच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

(२)

फैजपूर हे यावल तालुक्यातील गाव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस व केळी, असा हा प्रदेश आहे. भाषेच्या दृष्टीने येथील चित्र एकसारखे नाही. यावल, रावेर, भुसावळ ह्या भागांत लेवा गणबोली प्रचलित आहे; पश्चिमेकडे अहिराणीचा प्रदेश लागतो; सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी बोली ऐकू येतात. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या एका खंडात भिल्ली बोलींबरोबर खानदेशीची स्वतंत्र नोंद केलेली आहे. तात्पर्य, येथील मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा ते एका बोलीतून दुसऱ्या भाषारूपात प्रवेश करीत असते. घरी ‘केय’ किंवा ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला शाळेत ‘केळ’ आणि ‘डोळा’ म्हणावे लागते. घरचे ‘पानी’ शाळेच्या उंबरठ्यावर ‘पाणी’ होते. ळकार आणि णकार हे दोन वर्णच ह्या प्रदेशात शिकलेपणाची खूण होऊन बसले आहेत.

परंतु हीच मुले शाळेबाहेर मुकी नव्हती. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर मुलींचा भुलाबाईचा उत्सव चालतो. भुलाबाई-भुलोबांच्या मूर्तींपुढे टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखावयाचा असतो. डबा हलवून आवाज ऐकविला जातो. मुली तर्क करतात, विचारतात, चुकतात, हसतात आणि पुन्हा विचारतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्यातही खिरापत ओळखण्याची हीच रीत आहे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे खानदेशाच्या आखाजीला, माहेरी आलेल्या मुलींची झोक्यावरची गाणी असतात. ह्यांखेरीज वर्षभर चालणारी कोडी, गाण्यांच्या भेंड्या, लग्नघरातील उखाणे आणि अंगणातील सवाल-जबाबाचे खेळ आहेतच.

ह्या सर्व प्रकारांत तीन लक्षणे समान आढळतात. पहिले असे की, बोलण्याची पाळी फिरती असते. दुसरे, बोलल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. कोड्याचे उत्तर मनात ठेवून जिंकता येत नाही. तिसरे, चूक ही खेळाचाच भाग असते; चुकीचा खाऊ सांगणारी मुलगी खेळातून बाद होत नाही, पुढच्या फेरीत तिला पुन्हा विचारता येते. मराठी मुलांच्या खेळांत ‘राज्य येणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. ज्याच्यावर राज्य येते त्याला सर्वांसमोर काही तरी करावे लागते. पण ते राज्य कोणावरही कायमचे राहत नाही. वाणीच्या शिक्षणाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार मोलाची होती. शाळेने मात्र तिच्याकडे शिक्षण म्हणून पाहिले नाही.

(३)

जुन्या पंतोजींच्या शाळेत आवाज भरपूर होता. पाढे, पावकी-निमकी आणि सायंकाळचा परवचा मुले मोठ्याने, एका सुरात म्हणत. तथापि हे उच्चारण होते. त्याला बोलणे म्हणता येणार नाही. समूहाच्या सुरात एकट्याचा आवाज मिसळून जाई, आणि जे म्हणावयाचे ते आधीच ठरलेले असे. स्मरणशक्तीच्या व उच्चाराच्या दृष्टीने ह्या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. फक्त तीत मुलाला स्वतःचे असे काही सांगावयाचे नसे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले आणि शाळांना इयत्ता, क्रमिक पुस्तक व वार्षिक तपासणी ही नवी चौकट मिळाली. पुढे १८६० च्या दशकात खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाशी जोडण्याची पद्धती इलाख्यात आली. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मुलाने धडा स्पष्ट वाचावा, कविता पाठ म्हणावी, शुद्धलेखन लिहावे आणि हिशेब करावा, एवढी अपेक्षा असे. ह्यांतील प्रत्येक गोष्ट मोजता येण्याजोगी होती. दोन मुलांनी एकमेकांशी एखाद्या विषयावर नीट बोलावे, ही गोष्ट मोजता येण्याजोगी नव्हती. आणि जे मोजले जात नाही ते शिकविलेही जात नाही, हा शिक्षणव्यवहाराचा जुना नियम आहे.

ह्याच काळात क्रमिक पुस्तकांच्या द्वारे मराठीचे एक प्रमाण रूप स्थिर झाले. शासनव्यवहार, वृत्तपत्रे आणि ग्रंथनिर्मिती ह्यांसाठी असे रूप आवश्यक होते. परंतु खानदेशातील वर्गात त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मुलाचे म्हणणे काय आहे हे ऐकण्यापूर्वी त्याचा उच्चार कसा आहे हे ऐकले जाऊ लागले. ‘पानी’ हा शब्द उच्चारताच वर्गात हशा पिकला, तर त्या वाक्यातील उरलेले शब्द ऐकण्यास कोणी उरत नाही. अशा दोन-चार अनुभवांनंतर मूल एक साधा निष्कर्ष काढते : न बोलणे अधिक सुरक्षित. ग्रामीण विद्यार्थ्याच्या मौनाला पुष्कळदा ‘बुजरेपणा’ असे नाव दिले जाते. वस्तुतः ते मौन वर्गाच्या रचनेतून निर्माण झालेले असते. तोच विद्यार्थी शाळेच्या फाटकाबाहेर येताच अस्खलित बोलू लागतो.

(४)

शाळेने वाणीकडे अजिबात लक्ष दिले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात सार्वजनिक व्याख्यानांची मोठी परंपरा उभी राहिली. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचे ठळक उदाहरण. ह्या परंपरेतूनच शाळा-महाविद्यालयांत वक्तृत्वसभा व वक्तृत्वस्पर्धा रूढ झाल्या. राजकीय जागृतीच्या त्या काळात वक्ते घडविणे ही राष्ट्रीय गरज होती, आणि ती ह्या उपक्रमांनी बऱ्याच अंशी भागविली.

तथापि स्पर्धेचा स्वभाव निवडीचा असतो. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गातून दोघांची निवड होते. ते दोघे आधीच बोलके असतात, आणि बहुधा प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांतले असतात. उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांच्या वाट्याला श्रोत्याची भूमिका येते.

फैजपूरच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध घटना ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन फैजपूर येथे भरले. खेडेगावात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते; शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते; बांबू व स्थानिक साहित्यातून उभारलेल्या टिळकनगरची कलात्मक मांडणी नंदलाल बोस ह्यांनी केली होती. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सहकारी तयारीत आघाडीवर होते. साने गुरुजींनी त्यासाठी खानदेशातील खेडीपाडी पायाखाली घातली. अधिवेशनात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रम संमत झाला. राजकीय सभा शहरातून खेड्यात आली, ह्या घटनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

परंतु वाणीच्या इतिहासात एक फरक नोंदविणे भाग आहे. व्यासपीठ खेड्यात आले, तरी खेडे व्यासपीठावर चढण्यास वेळ लागणार होता. सहस्रावधी शेतकऱ्यांनी तेथे आपल्या प्रश्नांची चर्चा ऐकली. ऐकणे हेही शिक्षणच आहे. पण ऐकणाऱ्यांच्या मुलांना स्वतः बोलता यावे, ह्यासाठी सभेहून निराळी जागा हवी होती.

अशा जागेचा एक पूर्वनमुना खानदेशातच सापडतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० ह्या काळात अमळनेर येथे शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वर्गातील तासापेक्षा छात्रालयातील गोष्टींचा त्यांच्या विद्यार्थ्यांवर अधिक प्रभाव पडला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकाची प्रकरणेही ‘रात्र’ ह्या नावाने योजलेली आहेत. रात्री मित्र जमतात आणि एक जण सांगतो, अशी ती रचना आहे. १९५० मध्ये गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या साने गुरुजी कथामालेने ही परंपरा शाळांशाळांत नेली. अर्थात कथाकथनातही सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. तरी व्याख्यान आणि कथा ह्यांत एक भेद आहे : कथा ऐकणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी स्वतः सांगावीशी वाटते.

(५)

खेळातून शिक्षण ही कल्पना युरोपात जुनी आहे. कोमेनियसने सतराव्या शतकाच्या मध्यास हंगेरीतील शारोशपाटक येथे विद्यार्थ्यांकडून धड्यांचे नाट्यप्रयोग करवून घेतले. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथील पर्स शाळेतील शिक्षक कॉल्डवेल कुक ह्याने १९१७ साली ‘द प्ले वे’ हे पुस्तक प्रसिद्ध करून भाषेच्या वर्गात नाट्य, भाषण व खेळ ह्यांना मध्यवर्ती स्थान दिले. पश्चिम भारतात हा विचार मुख्यतः बालशिक्षणाच्या मार्गाने आला. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गात क्रमिक पुस्तक बाजूस ठेवून गोष्टी आणि खेळ ह्यांपासून आरंभ करतो. १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

ताराबाईंच्या कार्याचा पुढचा टप्पा येथे विशेष महत्त्वाचा आहे. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ पासून ते कोसबाड येथे वारली मुलांमध्ये चालू राहिले. अनुताई वाघ ह्यांचे त्यांना निरंतर सहकार्य होते. शहरातील मॉंटेसरी साधनांचा खर्च खेड्याला परवडणारा नव्हता. म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले, मुलांची गाणी आणि त्यांचे खेळ हेच साधनसाहित्य झाले. शाळेकडे न येणाऱ्या मुलांकडे शाळाच अंगणात गेली. घरच्या बोलीतील शब्द येथे खेळात वापरला जाई. त्यास प्रथम दुरुस्तीच्या रांगेत उभे राहावे लागत नसे.

ह्याच सुमारास दुसरा एक प्रवाह आला तो नयी तालीमचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये, म्हणजे फैजपूर अधिवेशनानंतर वर्षभराच्या आत, वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मातृभाषेच्या शिक्षणाचे उद्दिष्ट सांगताना ह्या समितीने मुलाला आपल्या परिसरातील वस्तू, माणसे व घटना ह्यांविषयी मोकळेपणाने व आत्मविश्वासाने बोलता यावे, ह्या गोष्टीला अग्रस्थान दिले. मूलोद्योगाची चर्चा पुढे इतकी झाली की समितीच्या ह्या अपेक्षेकडे दुर्लक्ष झाले. टकळीवरील सुताचे वजन करता येत होते; मुलाच्या संभाषणाचे वजन करण्यास तराजू नव्हता.

अशा रीतीने वाचिक खेळाला मान्यता मिळाली ती बालवाडीपुरती. इयत्ता वाढली की खेळ मागे पडावा, हा समज कायम राहिला. माध्यमिक शाळेत खेळ म्हणजे मैदान आणि वर्ग म्हणजे शिस्त, अशी वाटणी झाली.

(६)

ह्या वाटणीचे परिणाम महाविद्यालयात दिसून आले. १९६१ साली फैजपूर येथे महाविद्यालय सुरू झाले आणि त्यास धनाजी नाना ह्यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी उच्च शिक्षणासाठी गाव सोडावे लागणाऱ्या शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींना आता घरून येऊन पदवीपर्यंत शिकणे शक्य झाले. ह्यांपैकी पुष्कळ जण आपल्या घरातील पहिलेच पदवीधर ठरणार होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचे शिक्षण आठव्या इयत्तेपासून देण्याचे धोरण अवलंबिले गेले होते. त्यामुळे अशा विद्यार्थ्याचा इंग्रजीशी परिचय थोड्याच वर्षांचा आणि तोही भाषांतर व व्याकरण ह्यांच्या द्वारे झालेला असे. त्याच्या पाठीशी दुहेरी मौन होते : प्रमाण मराठी बोलताना बोलीची लाज आणि इंग्रजी बोलताना शब्दांची उणीव. व्याख्यानपद्धतीने चालणाऱ्या वर्गात ह्या मौनाला धक्का लागण्याचे कारण नव्हते. जून २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. शिक्षणाची वर्षे वाढली; परंतु बोलण्याची संधी वर्षांच्या संख्येवर अवलंबून नसते, ती वर्गाच्या रचनेवर अवलंबून असते.

ह्याच प्रश्नाचा पद्धतशीर शोध दक्षिण भारतात घेतला गेला. एन. एस. प्रभू ह्यांच्या नेतृत्वाखाली १९७९ ते १९८४ ह्या काळात बंगळूर, मद्रास इत्यादी ठिकाणच्या शाळांत इंग्रजीच्या अध्यापनाचा एक प्रयोग झाला. व्याकरणाचे नियम न सांगता नकाशे, वेळापत्रके अशा सामग्रीवर आधारलेली छोटी कामे विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाची आणि काम पुरे करण्याच्या ओघात भाषा आत्मसात होऊ द्यावयाची, असे त्याचे सूत्र होते. प्रभूंनी अशा कामांचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गात एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसते; दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढावयाची असते; तिसऱ्यात प्रत्येकाला आपले मत किंवा पसंती मांडावयाची असते. त्यांचा स्वतःचा कल तर्कप्रधान कामांकडे होता, आणि गटकार्यावर त्यांचा भर नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

ही वर्गवारी खानदेशच्या अंगणाला लावून पाहिली असता तिच्यातील एकही प्रकार येथे अपरिचित नाही, असे आढळते. भुलाबाईचा झाकलेला डबा हा माहितीच्या तफावतीचा शुद्ध नमुना आहे. आत काय आहे ते एकीलाच ठाऊक असते आणि म्हणूनच इतरांचा प्रश्न खरा असतो. कोडे हे तर्काचे काम होय. उखाण्यात स्वतःची निवड पद्यात गुंफून सर्वांसमोर उच्चारावयाची असते. ह्याच्या उलट, शिक्षक जेव्हा धड्यावरील प्रश्न विचारतो तेव्हा त्याचे उत्तर त्याला आधीच माहीत असते. विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते. त्यामुळे ते उत्तर माहिती न राहता परीक्षा होते, आणि परीक्षेत चुकण्यापेक्षा गप्प बसणे तो पसंत करतो.

झाकलेल्या डब्याचा हा खेळ महाविद्यालयीन वर्गात आणण्यास फारशा साधनांची आवश्यकता नाही. एका विद्यार्थ्याने एखादी वस्तू, व्यवसाय किंवा ऐतिहासिक व्यक्ती मनात धरावी आणि इतरांनी होय-नाही अशी उत्तरे मिळतील असे प्रश्न क्रमाने विचारावेत. केळीच्या बागेतील कामांची चित्रे दोघांत वाटून, एकमेकांचे चित्र न पाहता केवळ बोलून त्यांचा क्रम लावावा. बोलीतील एक म्हण घेऊन तिचा अर्थ प्रमाण मराठीत आणि मग इंग्रजीत दुसऱ्या गटाला पटवून द्यावा. ह्यांतील शेवटच्या खेळात लेवा बोली जाणणारा विद्यार्थी अडाणी ठरत नाही. त्या पाळीपुरता तोच वर्गातील जाणकार असतो.

(७)

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. खेळात वेळ जातो, गोंगाट होतो, बोलके विद्यार्थी तेथेही पुढे सरसावतात आणि अभ्यासक्रम मागे राहतो, असे म्हटले जाते. हा आक्षेप निराधार नाही. पाळीचा नियम सैल ठेवला तर खेळाची वक्तृत्वस्पर्धा होण्यास वेळ लागत नाही. खेळ संपल्यावर त्यातील भाषेकडे शिक्षकाने पुन्हा लक्ष वेधले नाही, तर केवळ करमणूक शिल्लक राहते. म्हणूनच खेळाची निवड करताना तो किती हसवितो ह्यापेक्षा तो किती जणांना बोलावयास लावतो, ही कसोटी लावणे योग्य ठरेल. दुरुस्तीही हवीच, फक्त तिची जागा वाक्य पुरे झाल्यानंतरची आहे.

दुसरा मार्ग गुणांचा. बोलण्याला गुण दिले की ते आपोआप शिकविले जाईल, अशी अपेक्षा असते. दहावीच्या परीक्षेतील अनुभव ह्या बाबतीत बोधप्रद आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेपासून भाषाविषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकण्यात आले. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. त्यानंतर ते गुण पुन्हा सुरू करण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. निकालाच्या चढउतारास इतरही कारणे असतात. त्या वर्षी पाठ्यक्रम व प्रश्नपत्रिकांचे स्वरूपही बदलले होते. पण ह्या सर्व वादात एक गोष्ट सहज ध्यानात येते. चर्चा झाली ती टक्केवारीची. ज्या कौशल्यासाठी ते गुण ठेवले होते ते विद्यार्थ्यांना आले किंवा नाही, हा प्रश्न मागेच राहिला. दीडशे वर्षांपूर्वी मोजता येत नाही म्हणून बोलणे वर्गाबाहेर राहिले. आता मोजले गेले तरी ते वर्गात आलेच असे नाही.

(८)

जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव देण्यात आले. आसोद्यास १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि १९५१ साली त्यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या बोलीत ती गाणी आहेत ती बोली बोलणारा विद्यार्थी आज त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाच्या पदवीसाठी वर्गात बसतो. आणि तीच बोली तोंडून निसटेल ह्या भीतीने पुष्कळदा गप्प राहतो. गौरव नावाचा झाला. वाणीचा व्हावयाचा आहे.

वर्गातील खेळ हा ह्या समस्येवरील एकमेव उपाय होय, असे इतिहासावरून म्हणता येत नाही. इतके मात्र म्हणता येते की, ज्या ज्या ठिकाणी बोलण्याची पाळी फिरती राहिली त्या त्या ठिकाणी सामान्य मूल बोलले : भुलाबाईच्या डब्याभोवती बोलले, कोसबाडच्या अंगणात बोलले. जेथे ती पाळी एका जागी थांबली, मग ती जागा पंतोजींच्या ओट्याची असो, व्यासपीठाची असो की प्राध्यापकाच्या मेजाची, तेथे इतरांच्या वाट्याला ऐकणे आले. खेळाच्या परिभाषेत सांगावयाचे तर आजच्या वर्गात राज्य फार काळ एकाच माणसावर राहिले आहे. ते पुढच्या बाकापर्यंत आणि तेथून शेवटच्या बाकापर्यंत जाऊ देणे, एवढेच ह्या साध्या साधनाचे काम आहे. आणि त्यासाठी लागणारे साहित्य फैजपूरच्या प्रत्येक घरात आजही उपलब्ध आहे.